ओळीत नसलेलं शून्य

शून्याशी माझं जुनं वैर आहे. गणितातल्या शून्याशी नाही, ते बिचारं आपल्या जागी गोल होऊन बसलेलं असतं. माझं वैर आहे उपटसुंभ शून्याशी. कुणी बोलावलेलं नसताना ते ओळीच्या पुढे येऊन उभं राहतं आणि स्पर्धा जिंकून जातं. असं एक शून्य मी स्वतःच्या हातानं जन्माला घातलं, सातपूरच्या एका कारखान्यात, आणि त्यानं एका माणसाचं पंचवीस वर्षांचं मशीन जवळजवळ हिसकावून घेतलं. ही गोष्ट मी मिरवून सांगते. चूक माझी आहे, मिरवायला कुणाची परवानगी लागते?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची, हातात कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि डोक्यात त्याहून मोठी हवा. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. त्यांच्या मते मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी. मी म्हटलं, देणार नाही. मग रोज दोन बस बदलून सातपूरला जाऊ लागले आणि संध्याकाळी ऑइलचा वास घेऊन परत येऊ लागले. तो वास आईला आवडायचा नाही. मला फार आवडायचा.

कारखाना छोटा. लोखंडी पिना ग्राइंडरवर घासून अचूक मापात आणायच्या आणि अंबडच्या एका मोठ्या कंपनीला द्यायच्या, हा धंदा. मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठनी कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासाठी काचेची खोली बांधली आणि तिला एसी बसवला. कारखान्यातला तो एकुलता एक एसी. शेठच्या स्वतःच्या केबिनमध्ये पंखा होता. काचेच्या खोलीबाहेर चपला काढायच्या. पहिल्या दिवशी शेठनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि इतक्या भक्तिभावानं नारळ फोडला की पाण्याचे चार थेंब कीबोर्डवर उडाले. त्यातलं एक बटण पुढे कायम चिकट राहिलं.

"मॅडम," शेठ म्हणाले, "प्रत्येक लॉटमध्ये सगळ्यात जाड पीस कोणता आणि सगळ्यात बारीक कोणता, एवढं मला कागदावर पाहिजे. बाकी पुराण नको."

त्यांना हे का हवं होतं ते सांगते. आमच्याकडे पीस मोजायची पद्धत अशी होती. ज्या मापाची पिन हवी त्या मापाचा एक मास्टर पीस असायचा. तो डायल गेजखाली ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग एकेक पिन त्याखाली सरकवायची. मास्टरपेक्षा जाड असेल तर काटा प्लसकडे जातो, बारीक असेल तर मायनसकडे. किती जाड, किती बारीक? मायक्रॉनमध्ये, डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पन्नास सहज मावतात. पंचवीस पिनांचा एक लॉट. पंचवीस आकडे ऑपरेटर स्वतः कार्डावर लिहायचा, कार्ड काचेच्या खोलीच्या फटीतून आत सरकवायचा आणि मी ते आकडे टाइप करायची. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक पिन मर्यादेत बसली म्हणजे मधल्या सगळ्या बसल्या.

मी दोन फंक्शनं लिहिली. फंक्शन म्हणजे एकच काम नेमून दिलेला नोकर. पहिल्याला सांगितलं, तू मोठ्यात मोठा आकडा शोध. हातात एक चिठ्ठी धर, तिच्यावर शून्य लिही. मग ओळीतल्या पहिल्या आकड्यापासून चालत जा. समोरचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर जुना खोडून नवा लिही, नसेल तर पुढे चल. ओळ संपली की चिठ्ठीवर असेल ते उत्तर. दुसऱ्याला सांगितलं, तूही शून्य घेऊन निघ, फक्त लहानात लहान शोध. दहा-बारा ओळींचं काम. क्लासमध्ये असंच शिकवलं होतं, पुस्तकात असंच छापलं होतं, आणि मला त्या ओळी इतक्या आवडल्या की मी त्यांचा प्रिंटआउट घरी नेऊन वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "बँकेचा फॉर्म कधी भरतेस?"

दोन महिने सगळं झकास चाललं. तेव्हाच्या पिनांना मर्यादा होती प्लस दहा ते मायनस दहा. दर लॉटमध्ये काही पिना जाड निघायच्या, काही बारीक. उत्तरं बरोबर येत. शेठ पाहुण्यांना काचेपाशी उभं करून मला दाखवायचे. मी उगाचच भराभर बटणं दाबायची.

मग नवी पिन आली. ती एका नळीत सरकायची होती, म्हणून मास्टरपेक्षा थोडी बारीकच हवी: मायनस पाच ते मायनस पंधरा. शून्य आलं तर पिन नळीत अडकणार, पीस बाद. काम नाजूक, म्हणून शेठनी ते मामांना दिलं.

मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने ग्राइंडरवाले. सिन्नरकडचे. कारखाना सुरू झाला तेव्हापासून, पंचवीस वर्षं, तेच मशीन, तोच स्टूल. ग्राइंडरच्या घासणाऱ्या व्हीलचा आवाज ऐकून ते किती मायक्रॉन राहिले ते सांगत आणि मग गेज लावून स्वतःला शाबासकी देत. माझं आणि त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. ऑइलचे पाय घेऊन त्यांना काचेच्या आत यायची बंदी होती आणि बाहेर आवाज फार.

नव्या पिनेचा पहिला लॉट. मी टाइप केला. प्रिंटर करकरला. सगळ्यात बारीक: मायनस चौदा. सगळ्यात जाड: शून्य.

शून्य म्हणजे बाद. लॉटला लाल टॅग. दुसरा लॉट: शून्य. लाल टॅग. तिसरा, चौथा, पाचवा. शेठ प्रिंटआउटची लांबलचक पट्टी हातात धरून मामांच्या मशीनपाशी गेले. मी काचेतून बघत होते. आवाज ऐकू यावा म्हणून दार थोडं उघडलं.

"मामा, हे काय?"

"काय?"

"दर लॉटमध्ये एक पीस शून्यावर."

"शून्यावर? येडं का काय! कार्ड बघा. एक तरी शून्य लिहेल हाय का?"

"कार्ड तुम्हीच लिहिता."

"मग कोण लिहिणार? माझी सासू?"

मागून लेथवाला हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी पट्टी वर उचलली. "तुम्ही कार्डावर लपवलं, पण कॉम्प्युटरनं पकडलं."

आता बघा काय झालं. कॉम्प्युटरला डोळे नव्हते, गेज नव्हतं, पिन त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याला जे काही माहीत होतं ते मामांच्या कार्डावरूनच, माझ्या बोटांमार्गे. तरी शेड भरून माणसं तिथे उभी होती, वीस-वीस वर्षं लोखंड कापलेली, आणि कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की कार्डावर नसलेलं शून्य कॉम्प्युटरला सापडलं कुठून. सगळ्यांना वाटलं, एसीत बसलेलं यंत्र आहे, त्याला खोटं ओळखता येत असेल.

आणि त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. मायनस सात, मायनस नऊ, मायनस अकरा हे आकडे मी स्वतः टाइप केले होते. तरी तीन दिवस मीही मनात म्हणत होते, वय झालं मामांचं. हात हलत असेल.

"मोजून बघा ना," मामा म्हणाले. "पीस पडलेत की तिथं."

"आज मोजले तर बरोबर निघतील. मधल्या वेळात बदलले नसतील कशावरून?"

मामांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि ज्या फडक्यानं पुसले ते व्हीलवर झाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी घासलेल्या पिना तेलकट कागदात गुंडाळायच्या. ते खाली मान घालून गुंडाळत. कुणी चहा आणून ठेवला तर तो तसाच गार होई.

शनिवारी सकाळी शेठ चपला काढून आत आले. "मॅडम, एक पत्र टाइप करायचं. मामांना महिनाअखेर मोकळं करतोय. कारण नीट लिहा. कामात वारंवार चूक, कॉम्प्युटरच्या तपासणीत सिद्ध. उद्या कुणी विचारलं तर कागद पक्का पाहिजे."

कारण नीट लिहायचं, तर कोणत्या लॉटमधला कितवा पीस शून्यावर होता तेही लिहावं, असं मला वाटलं. हुशारी करायची सवय. पहिल्या लॉटचे पंचवीस आकडे पडद्यावर आणले आणि शून्य शोधू लागले. मायनस सहा. मायनस नऊ. मायनस चौदा. खाली गेले, वर आले. पंचविसातला एकही आकडा शून्य नव्हता. दुसरा लॉट उघडला. नव्हता. मग मी त्या लाडक्या दहा-बारा ओळी उघडल्या, आणि पहिल्याच ओळीत ते बसलं होतं. माझं शून्य. नोकर घरून चिठ्ठीवर लिहून आणलेलं शून्य घेऊन निघतो. वाटेत भेटतो मायनस सहा. शून्यापेक्षा मोठा आहे का? नाही. मायनस नऊ? नाही. पंचवीसच्या पंचवीस शून्याहून लहान, म्हणून नोकर रिकाम्या हातानं निघाला तसाच परत येतो आणि छाती काढून सांगतो, सगळ्यात मोठा शून्य! ओळीत नसलेलं, कुणी न घासलेलं, कुणी न मोजलेलं शून्य.

पत्र तिथेच राहिलं.

दुरुस्ती एका ओळीची. चिठ्ठी कोरी ठेवायची आणि ओळीतला पहिलाच आकडा तिच्यावर लिहून निघायचं. म्हणजे जो जिंकेल तो ओळीतलाच असेल. मी बदल केला, पाचही लॉट पुन्हा चालवले. सगळ्यात जाड: मायनस सहा, मायनस पाच, मायनस सहा, मायनस सात, मायनस पाच. पाचही लॉट मर्यादेत. इतकं नेटकं काम त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाचं निघालं नव्हतं.

कागद घेऊन मी केबिनमध्ये गेले आणि शेठना सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग उठून केबिनचं दार लावलं.

"दुरुस्त झालं ना? छान. आता गप्प बसा."

"आणि मामा?"

"मंगळवारी अंबडची माणसं कॉम्प्युटर बघायला येतायत. त्यांना काय सांगू, कॉम्प्युटर चुकला?"

"कॉम्प्युटर नाही चुकला. मी चुकले."

"तेच ते."

"तेच ते कसं? चूक माझी आणि पत्र मामांना?"

"मामांचं वय झालंच होतं हो. आज ना उद्या करायचंच होतं. तुम्ही लहान आहात, पुढे मोठ्या व्हाल. पत्र टाइप करा."

"नाही करणार."

"काय?"

"पत्र मी टाइप करणार नाही. तुम्ही करा. पण ते नारळाचं पाणी उडालेलं बटण जरा जोरात दाबावं लागतं."

हे म्हणून मी बाहेर आले. नोकरी गेली तर बँकेचा फॉर्म ठरलेला होता. मी काचेच्या खोलीत गेले, कोऱ्या कागदांच्या दोन्ही बाजूंना जाड मार्करनं मोठमोठे आकडे काढले आणि जेवणाची सुट्टी व्हायची वाट पाहिली. शाळेच्या गॅदरिंगला मला दर वर्षी झाड किंवा हरीण करायला लावायचे. एकदाही बोलण्याची भूमिका मिळाली नाही. त्या दिवशी मी ती स्वतःच घेतली.

सुट्टी झाली. डबे उघडले. मी शेडच्या मधोमध एका उलट्या क्रेटवर चढले आणि टाळ्या वाजवल्या.

"आठ माणसं पाहिजेत! पिना व्हायचंय!"

"मॅडमला झालं काय?" लेथवाला म्हणाला, पण उठला सगळ्यात आधी तोच. आठ जण ओळीत उभे राहिले, हाताला चटणी तशीच. प्रत्येकाला एक कागद छातीशी धरायला दिला. मामा पॅकिंगच्या टेबलावरून हलले नाहीत, पण गुंडाळायचे थांबले.

"मी फंक्शन आहे. मला ओळीतली सगळ्यात जाड पिन शोधायची आहे. हातात शून्य घेऊन निघते." पहिल्या खेपेला कागदांवर प्लसही होते, मायनसही. मी क्रेटवरून उतरून ओळीसमोरून चालत गेले. प्लस तीन भेटला, शून्य फेकून तीन घेतला. प्लस सहा भेटला, तीन फेकला. शेवटी सहा हातात. "बरोबर?"

"बरोबर!"

मी तीन आणि सहा ज्याचे त्याला परत दिले. "आता कागद उलटे करा." मागच्या बाजूला सगळे मायनस. मामांच्या पहिल्या लॉटमधले आठ आकडे.

एवढ्यात केबिनचं दार उघडलं. "हा काय तमाशा चाललाय?"

त्या क्षणी मला जी बुद्धी झाली तिच्याबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटते. मी फेकलेलं शून्य उचललं, अदबीनं शेठपाशी गेले आणि म्हणाले, "बरं झालं आलात. एक माणूस कमीच पडत होता. हे जरा धरा." आणि शून्य त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. समोरून कागद आला की धरायचा, ही मालकांची सवय.

"मायनस सहा, तू शेठपेक्षा मोठा का?"

"नाय बा."

"मायनस नऊ?"

"आपली काय टाप!"

"मायनस चौदा?"

एव्हाना सगळी शेड ओरडत होती. आठही पिनांनी शेठपुढे हार मानली.

"मग सगळ्यात मोठं कोण?"

"शे-ठ!"

"शेठ, तुम्ही जिंकलात. आता सांगा, तुमच्या हातात आहे ते कोणत्या पिनेचं रीडिंग?"

"मला काय माहीत? तुम्हीच दिलंत."

"तेच तर!" मी म्हटलं. "मी दिलं. मामांनी नाही. ते शून्य कुठल्या कार्डावर नव्हतं, कुठल्या पिनेवर नव्हतं. ते माझ्या प्रोग्राममध्ये होतं. पाचही लॉट पास आहेत."

सगळ्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग शेठकडे. आणि शेठकडे पाहणं कुणी थांबवेना. मायनस चौदावाला तर कागद छातीशी धरून अगदी खांबासारखा उभा होता. शेठनी हातातलं शून्य दुमडलं, पुन्हा दुमडलं, खिशात घातलं.

"मामा," ते म्हणाले, "सोमवारपासून मशीनवर."

माफी नाही, काही नाही. पण पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं नाही, आणि दुसरं कुणी करणारं नव्हतं.

मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सोमवारी येऊ नका."

"येणार," मी म्हटलं. "मोठा आकडा शोधणारं फंक्शन दुरुस्त केलंय. लहान शोधणारं अजून तसंच आहे, तेही शून्य घेऊनच निघतं. पुढच्या पिनेला सगळे प्लस आले तर ते असाच गोंधळ घालेल. मंगळवारी अंबडची माणसं यायच्या आत कुणी ते दुरुस्त करणार असेल तर मी नाही येत."

शेठनी खिशातलं दुमडलेलं शून्य चाचपलं. मग म्हणाले, "साडेआठला या. उशीर चालणार नाही." त्या कारखान्यात मी आणखी चार वर्षं काढली, आणि सोडला तेव्हा माझ्या मर्जीनं सोडला.

पण त्या सोमवारबद्दल सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं, मामा येतील, डोक्यावर हात ठेवतील, पोरी जिंकलीस म्हणतील. मी चेहराही तसा करून ठेवला होता. मामांनी मशीन पुसलं, सुरू केलं, पहिल्या लॉटच्या पिना घासल्या आणि काचेवर टकटक केली. मी कार्डासाठी हात पुढे केला. त्यांच्या हातात कार्ड नव्हतं.

"बाहेर ये."

मी गेले. त्यांनी आपला स्टूल पुढे सरकवला आणि मला बसायला सांगितलं.

"शनिवारी लय भारी बोललीस," ते म्हणाले. "पण एक सांग. ते तीन दिवस तुला काय वाटत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटलं होतं, तुमचा हात हलत असेल," मी म्हटलं.

"हां. म्हणजे तू बी त्यांच्यातलीच." त्यांनी कोरं कार्ड आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "इथून पुढं मी लिहायचं नाय. रोज तू यायचं, तू मोजायचं, तू लिहायचं. मंग बघू काय पकडतं तुझं यंत्र."

"मला गेज नाही येत, मामा."

"येईल. मास्टर ठेव. काटा शून्यावर आण. हळू! ती काय पोळी हाय का लाटायला? हां. आता पीस सरकव."

पिन अजून कोमट होती. काटा थरथरला आणि डावीकडे जाऊन थांबला. मी डोळे बारीक करून रेघा मोजल्या.

"मायनस सात," मी म्हटलं.

"जोरात," मामा म्हणाले. "केबिनपर्यंत जाऊ दे."